चौदा नंबरच्या खोलीची नोंद

३ मार्च

प्रिय गोटी,

शनिवारी दुपारी चॅपेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आपण बूट पॉलिश करायचो, आठवतं? एकच डबी, एकच ब्रश. डावे बूट तुझ्याकडे, उजवे माझ्याकडे, दोघींचेही. सिस्टर वरच्या खिडकीतून बघत असायच्या आणि त्यांची मान जरा वळली की तू माझ्या नाकावर काळा ठिपका द्यायचीस. परवा हॉस्टेलच्या मागच्या ओट्यावर दोन मुली अगदी तशाच बसलेल्या दिसल्या. एकच फोन, दोन डोकी. पाठी हुबेहूब आपल्या. जवळ गेले तेव्हा कळलं, त्यांच्या गावावर त्या सकाळी बाँब पडले होते.

तिकडच्या युद्धाचं तू पेपरात वाचतच असशील. माझ्या हॉस्टेलात तिकडच्या एकोणीस मुली आहेत. जेवणाच्या टेबलावर ताटं भरलेली राहतात आणि सगळ्यांचे डोळे फोनवर. विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं, ‘या क्लेशकारक काळात आपण सारे एकमेकांसोबत आहोत,’ आणि खाली पिवळं फूल. तळमजल्यावरच्या स्टोअरमधले मोडके पंखे हलवून तिथे ‘मनःस्वास्थ्य कक्ष’ उघडला. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा आणि एक तरुण समुपदेशक बाई. ती केसांत पेन्सिल खोचते आणि दार लावून बसते. दार लावून एवढं काय बोलायचं असतं, मला कळत नाही.

मी माझ्या पद्धतीनं करते. एक वही घातली आहे, गावांच्या नावांप्रमाणे. कोणाचं घर कुठल्या गावात, घरी कोण कोण, कोण कुठे हललंय. बातम्यांत गावाचं नाव आलं की मी वही उघडते आणि तिचा फोन वाजायच्या आत तिच्या दारात उभी असते. असली बातमी एकटीनं ऐकू नये, एवढंच माझं म्हणणं.

चौदा नंबरमध्ये एक आहे, मी तिला खारूताई म्हणते, कारण बिस्किटं खिशात साठवते. ती माझ्याशी मनातलं सगळं बोलते. तिचा धाकटा भाऊ सक्तीच्या सैन्यभरतीतून पळालाय. मामाकडे लपलाय, घरामागे मधपेट्या आहेत त्यांच्या मागच्या खोलीत. तेही मी लिहून ठेवलं. उद्या मामाच्या गावाचं नाव आलं तर आधी चौदा नंबर गाठायला हवा ना!

तुझा गुंड्या येऊन गेला. कुलसचिव झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या खोलीत टेकला. ज्या पोरानं बटण गिळून आपल्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्याच्या कोटाला आता सहा बटणं! वही चाळून म्हणाला, “आत्या, एक दिवस दे. अहवालात घालतो. बाकीच्या हॉस्टेलांनी तुझ्याकडून शिकावं.” दिली. फुगले मी, खोटं कशाला बोलू?

तुझी,
काडी


११ मार्च

प्रिय काडी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कानात यंत्र घालूनही फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा तुझं अक्षर हाच आता तुझा आवाज. आणि एक दुरुस्ती. उजवे बूट माझ्याकडे असायचे. तुझ्या उजव्या बुटाची टाच झिजलेली होती, ती मी काळ्या शाईनं झाकायची. पन्नास वर्षं तू हे श्रेय लाटते आहेस.

गुंड्या रविवारी आला होता. म्हणाला, आत्याचं अक्षर बघून कुलगुरूंनी विचारलं, हे छापून घेतलंय का? हे असते तर बहिणीच्या कौतुकानं गल्लीभर सांगत फिरले असते. गुंड्यानं तुझी रेक्टरपदाची मुदतवाढ मंजूर करून घेतली ते किती बरं झालं. चौसष्टाव्या वर्षी घरी बसून तू भिंतींशी भांडली असतीस.

एक विचारू? चिडू नकोस. त्या मुली तुला सांगतात ते सांगायचं म्हणून. लिहून ठेव असं त्या म्हणाल्या होत्या का? मी आपली विचारते. तू जे करशील ते विचार करूनच करशील.

गुडघा तसाच आहे. जिना चढताना दर पायरीला एका सिस्टरचं नाव घेते. शेवटच्या पायरीला मदर सुपीरियर येतात.

तुझी,
गोटी


२ एप्रिल

गोटी,

आज गुडघा, बूट काही नाही.

मंगळवारी सकाळी चौदा नंबरमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. गेले तर खारूताई जमिनीवर बसलेली, फोन कानाला. पलीकडे तिची आई होती. खारूताईच्या मामाकडे चार माणसं आली होती. त्यांनी दार वाजवलं नाही, घरात डोकावलं नाही, कोणाला काही विचारलं नाही. मधपेट्यांना वळसा घालून सरळ मागच्या खोलीपाशी गेली. भाऊ दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि नेलं त्याला. कुठल्या आघाडीवर नेलं, कोणी सांगत नाही.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं म्हणे, “तू कोणाला सांगितलंस?”

खारूताईनं माझ्याकडे बघितलं. “मॅडम, मी दोघींनाच सांगितलं. तुम्हाला आणि खालच्या मॅडमना.”  खिशातली बिस्किटं काढून तिनं टेबलावर ओळीनं मांडून ठेवली आहेत. खात नाही.

मी बाहेर कोणाला चकार शब्द बोलले नाही. वही कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. एक दिवस गुंड्याकडे होती, पण ते घरातल्या घरात. मग उरली कोण? दार लावून बसणारी. दुपारी व्हरांड्यात उभी राहून तोंडावर हात धरून फोनवर बोलते, मी डोळ्यांनी बघितलंय.

मी तिला सोडणार नाही, गोटी. अशी घालवीन की पुढे कोणी तिला शाळेच्या फाटकाशी मुलं मोजायलासुद्धा ठेवणार नाही. तक्रार लिहायला घेतली आहे. गुंड्याला सांग, आत्याचा कागद येतोय, तो फायलीत झोपता कामा नये.

काडी


८ एप्रिल

प्रिय काडी,

तुझं पत्र वाचलं. त्या पोरीच्या आईच्या जागी मी मला बघितलं. तू काही खातेस ना? रागात तू जेवण टाकतेस. शाळेतही टाकायचीस आणि तुझं ताट मला संपवावं लागायचं.

गुंड्या रविवारी आला होता. बिचारा जेवलाच नाही. कामाचा फार ताण आहे. कपाटाची किल्ली मागितली आणि ऑफिसचा कसलासा लिफाफा वरच्या कप्प्यात शालींखाली ठेवून गेला. तिकडे म्हणे जागाच नाही. तुझा निरोप सांगितला. म्हणाला, आत्याला तक्रार द्यायची तर देऊ दे, मी बघतो.

पण काडी, माझं ऐकशील? कोणी केलं याचा एवढा छडा लावून काय होणार? तो मुलगा परत येणार आहे का? जगात सगळेच काही दुष्ट नसतात. तिकडच्या वकिलातीनं मुलींच्या घरी मदत पोचवायची म्हणून यादी मागितली असेल, कोणी नेहमीसारखी टाइप करून दिली असेल. देणाऱ्याला स्वप्नात तरी वाटलं असेल का? तू त्या मुलीला चार घास भरव. ते खरं काम.

आणि समुपदेशक बाईंचं जे व्हायचं ते होईल. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
गोटी


१९ एप्रिल

प्रिय गोटी,

घालवली!

सहा पानी तक्रार दिली. तिघांची समिती बसली, मध्ये तुझा गुंड्या. मला साक्षीला बोलावलं. मी पांढरी साडी नेसून गेले, अगदी प्राइझ डिस्ट्रिब्यूशनला जायची तशी. नंतर तिला आत बोलावलं. गुंड्यानं कागदावरची नजर न काढता विचारलं, “चौदा नंबरच्या विद्यार्थिनीनं तिच्या भावाबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का?”

ती म्हणाली, “माझ्याकडे कोण येतं आणि काय बोलतं, हे मी सांगत नाही.”

“म्हणजे सांगितलं होतं.”

“म्हणजे मी सांगत नाही.”

“नोकरीचा प्रश्न आहे, बाई.”

“माझ्या नोकरीचं पहिलं कलमच ते आहे, सर.”

विधी विभागाच्या म्हाताऱ्या प्राध्यापिका समितीवर आहेत, त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.  एवढा ताठा म्हणजे कबुलीच झाली की! तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. ‘विश्वासभंग’ असा शब्द आहे त्यात. तो शब्द माझ्या तक्रारीतला. गुंड्यानं उचलला.

ती निघाली तेव्हा मी मुद्दाम जिन्याखाली उभी राहिले. हातात खोकं, वर एक कुंडी, केसांत तीच पेन्सिल. व्हरांड्यातल्या सगळ्या मुलींनी पाठ फिरवली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी लाज वाटली नसती. माझ्यासमोर थांबली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणते कशी, “चौदा नंबरला सकाळी तुम्हीच उठवत जा. पडून राहिली तर दिवसभर खात नाही.” जाता जाता मलाच शिकवून गेली!

गोटी, मला फार बरं वाटलं. कॉन्व्हेंटात अकरा वर्षं क्षमा शिकवली, एक दिवस उपयोगी पडली नाही. त्या दुपारी मी दोन वाट्या भात खाल्ला.

खारूताईला सांगितलं, “तिला घालवली मी, तुझ्यासाठी.” तिनं भिंतीकडे तोंड केलं. येईल हळूहळू.

तुझी,
काडी


२६ एप्रिल

प्रिय काडी,

पत्र मिळालं. झालं ते झालं. आता त्या वहीचा विषय कुठे काढू नकोस, फाडून टाकलीस तरी चालेल. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

गोटी


१० मे

कुलसचिवांच्या मातोश्रींना,
सादर नमस्कार.

वहिनी, तुमचं पत्र मिळालं. वहीचा विषय मी काढलाच नव्हता. एकोणीस एप्रिलच्या माझ्या पत्रात वही हा शब्द नाही. मग ती फाडायचं तुम्हाला का सुचावं? म्हणून तुमची जुनी पत्रं काढून बसले. आठ एप्रिल. वकिलात, यादी, टाइप. यातला एकही शब्द मी तुम्हाला कधी लिहिलेला नाही. तुम्ही तो कुठून आणलात?

तशीच उठले आणि त्याच्या ऑफिसात गेले. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, “मीटिंगमध्ये असो की मोरीत, त्याला सांग आत्या आलीय.”

खुर्चीतून उठला, दार लावलं. आता तोही दार लावतो.

“तू दिलीस ना यादी?”

“आत्या, आधी बस.”

“दिलीस की नाही?”

“वकिलातीनं अधिकृत मागणी केली होती. विद्यार्थिनींच्या कुटुंबांना मदत पोचवायची म्हणून. माझा काय दोष?”

“मदतीला नाव आणि गाव पुरतं. मधपेट्यांमागची खोली कशाला दिलीस?”

त्यावर काय म्हणाला सांगू? “तुझी वही टायपिस्टकडे दिली. तू लिहिलंस तसंच तिनं उतरवलं, एक शब्द गाळला नाही. मी वाचलीही नाही गं. इतकी नीटनेटकी होती की वाचायची गरजच वाटली नाही.”

“मग त्या बाईला का घालवलंस?”

“मी घालवलं? सहा पानं कोणी लिहिली?” आणि मग आवाज खाली आणून, “हे उघडं झालं तर पहिलं नाव तुझं येईल, आत्या. कागद काही नाहीये. जावक वहीत नोंद आहे, पण ऑफिसची स्थळप्रत फायलीत नाही. शोध हवी तर.”

फायलीत नाही, कारण ती तुमच्या कपाटात आहे, वहिनी. वरच्या कप्प्यात, शालींखाली. तुम्हीच मला लिहून कळवलंत.

त्या बाईचा पत्ता काढून ठेवला आणि मग मी विधीच्या प्राध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, “तुमच्या बोलण्यावर मी समिती पुन्हा बसवू शकत नाही. सहीचा कागद आणा. एकतीस मेपर्यंत अपील करता येतं, त्यानंतर तिच्या कपाळावरचा ‘विश्वासभंग’ कायमचा.”

मला तो लिफाफा पाहिजे. मुलींनी ज्या व्हरांड्यात त्या बाईकडे पाठ फिरवली, त्याच व्हरांड्यातून मला त्याला खोकं घेऊन जाताना बघायचंय. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याची मुंज असो की बारसं, पहिली मी हजर. त्याचा आता मला काही उपयोग नाही. दयामाया संपली. लिफाफा आला नाही तर तुमचं आठ एप्रिलचं पत्र मी समितीपुढे मोठ्यानं वाचेन, सही आणि तारखेसकट. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही मला त्या बाईवर सोडलंत.

दादा गेले ते बरं झालं.

आपली नणंद


२१ मे

काडी,

तू मला वहिनी म्हणालीस. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी तुला दटावलं होतं, तरी तू गोटीच म्हणत राहिलीस. शिवी द्यायला तुला नातं सापडलं.

हो, मला माहीत होतं. त्याच रविवारी त्यानं सांगितलं. या खोलीत, खिडकीपाशी, माझा हात धरून. कानातलं यंत्र काढून ठेवलं असतं तर मला ऐकू आलं नसतं, असं रोज वाटतं. मी त्याची आई आहे, एवढंच कारण. दुसरं नाही आणि ते पुरेसंही नाही.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तो आहे, मी आहे, टायपिस्टसुद्धा आहे. एक वाक्य शोधत होते, ते कुठेच नाही. ‘मी लिहायला नको होतं.’ ‘मी त्या बाईला विनाकारण मारलं.’ तुला खोकं घेऊन जाणारा माणूस बघायचाय, कारण बघणारी पुन्हा तूच जिन्याखाली उभी. यावेळी ते मी होऊ देणार नाही. माझ्या मुलाचा घास घ्यायचा तर आपण तिघंही एकाच पानावर वाढलेले असू. दादांबद्दल तू जे लिहिलंस, त्याचं उत्तर एवढंच, ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

लिफाफा सोबत पाठवते आहे, रजिस्टर करून. आता मी सांगते तसंच कर, तुझ्या पद्धतीनं नको.

गुंड्याच्या सहीचं पत्र, जावक क्रमांकाचं, विधीच्या प्राध्यापिकांना. त्यांच्या हातात दे, त्यांच्या घरी. कुलसचिव कार्यालयात त्याची पावलं उमटता कामा नयेत. पोच घे.

त्यालाच टाचून तुझी सहा पानी तक्रार दे आणि त्यावर तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिही की हे खोटं आहे आणि मी लिहिलं आहे. माझं आठ एप्रिलचं पत्रही दे. वाचून दाखवायची धमकी कशाला? मीच सांगते आहे, दे. आणि हे पत्रसुद्धा.

समुपदेशक बाईंना या सगळ्याची एक एक प्रत. पोस्टानं नाही. तू स्वतः जा. दाराबाहेर उभी राहा. आत बोलावलं तर आत जा, नाही बोलावलं तर कागद उंबऱ्यावर ठेवून परत ये आणि तिनं काय बोलावं हे मनात ठरवून जाऊ नकोस.

मुदतवाढीचा कागद कुलगुरूंना परत. त्यावर गुंड्याची शिफारस आहे.

गुंड्याला मी आजच लिहिलं आहे, याच टपालानं. त्याला हे माझ्याकडून कळेल. एवढा हक्क मी कोणाला देत नाही. त्यानं दाराशी येऊन कितीही हाका मारल्या तरी मला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत आहे. तुझी पत्रं, शाळेपासूनची, एका पिशवीत भरून त्याच्याकडे पाठवली आहेत. तुला हवी असली तर त्याच्याकडून माग.

वहीतली एकोणीस पानं सोडव. फाडू नकोस, शिवण उसव, तुला शिवण उसवता येते. प्रत्येकीचं पान तिच्या हातात दे, दुसरीला दिसू न देता. त्यांना जाळायचं असेल तर काडेपेटी देऊ नकोस, त्या आणतील. समितीला जेवढं दाखवायचं तेवढं त्या मुलीच ठरवतील, तू नाही.

मला काही पाठवू नकोस. पोचही नको.

चौदा नंबरचं पान खारूताईला. त्याबरोबर माफीची चिठ्ठी ठेवशील, मी तुला ओळखते. ठेवू नकोस. नुसतं पान दे आणि सकाळी तिला उठव.